पट्ट्याचे सहावे भोक

मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत नववीला इंग्रजी शिकवते. आमच्याकडची बहुतेक मुले प्राथमिक शाळा मराठीतून किंवा कोकणीतून शिकून येतात आणि पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात पडतात, त्यामुळे नववीत आली तरी मनातल्या मनात भाषांतर करत असतात. त्यात काही वाईट आहे असे मला वाटत नाही. गेल्या वर्षी वाक्प्रचारांचा धडा संपल्यावर मी फळ्यावर काही इंग्रजी वाक्ये लिहिली आणि त्यांचा अर्थ मराठीत लिहायला सांगितला. त्यातले एक वाक्य असे होते की, पीक बुडाल्यामुळे त्या कुटुंबाला आपला पट्टा घट्ट करावा लागला. इंग्रजीत 'टाइटन युवर बेल्ट' म्हणतात, त्याच वळणाचे. वह्या तपासायला घेतल्या तेव्हा दिसले की वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी लिहिले होते, "त्या कुटुंबाने कंबर कसली."

चूक अगदी निष्पाप होती. पट्टा कमरेला असतो, घट्ट करणे म्हणजे कसणे, तेव्हा शब्दाला शब्द चोख जुळतो. अर्थ मात्र नेमका दुसऱ्या दिशेला जातो. कंबर कसणारा माणूस कामाला, प्रवासाला, प्रसंगी लढाईला निघालेला असतो; त्याच्या अंगात जोर आलेला असतो. पट्टा घट्ट करणारा माणूस खर्चातून हात काढून घेत असतो, कारण उत्पन्न घटलेले असते आणि पूर्वीसारखे राहणे आता परवडणारे नसते. मी फळ्यावर दोन्ही अर्थ लिहिले, मुलांनी उतरवून घेतले, तास संपला. घरी येताना बसमध्ये मात्र ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण या वाक्प्रचाराचे मी केलेले पहिले भाषांतरही चुकलेले होते, आणि ते वर्गात केलेले नव्हते.

इंग्रजी वाक्प्रचारामागचे चित्र अगदी साधे आहे. माणसाला पुरेसे खायला मिळेनासे झाले की तो वाळतो, पोट आत जाते, विजार सैल होते आणि ती घसरू नये म्हणून पट्टा एक भोक पुढे सरकवावा लागतो. वापर मात्र उपासमारीपुरता राहिलेला नाही. पगार कमी झाला, घरात आजारपण निघाले, धंदा बसला, सरकारच्या तिजोरीत खडखडाट झाला, अशा कोणत्याही वेळी खर्च कमी करण्याला हे शब्द लावतात. त्यात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात आणि त्या मुलांना मी आता आवर्जून सांगते. पहिली अशी की आधी बरे दिवस होते; जन्मभर पेजेवरच राहिलेल्या माणसाबद्दल कोणी असे म्हणत नाही. दुसरी अशी की ही अवस्था जाईल आणि पट्टा पुन्हा मागच्या भोकात येईल, अशी आशा त्यात आहे. मराठीत ज्याचा जोडीदार म्हणून नेहमी सांगितले जाते ते 'अंथरूण पाहून पाय पसरावे' म्हणूनच इथे बसत नाही. अंथरुणाची गोष्ट कायमची आहे, चांगल्या दिवसांतही लागू पडणारी. कापडाच्या मापाने कोट बेतावा अशी जी दुसरी इंग्रजी म्हण आहे, तिच्या शेजारी ती शोभते.

आपल्याकडे हे चित्र का निर्माण झाले नसावे, याचा मी पुष्कळ विचार केला. आमच्या आजोबांच्या पिढीपर्यंत कमरेला भोके पाडलेला पट्टा नव्हताच. शेतात काष्टी, देवळात किंवा लग्नकार्यात धोतर, बायकांना नऊवारी लुगडे; सगळी गाठीची, निऱ्यांची आणि खोचण्याची वस्त्रे. गाठीला माप नसते. पोट खपाटीला गेले तरी तेच धोतर तेवढेच घट्ट बसते, फार तर दोन निऱ्या जास्त पडतात, आणि पाहणाऱ्याला काही कळत नाही. म्हणून आपल्या भाषेने कंबर दोन वेगळ्याच कामांना लावली. एक, पदर किंवा धोतराचा सोगा खोचून कामाला भिडणे. दुसरे, पैसा जपणे. कनवटीला चार पैसे असणे हे सुस्थितीचे लक्षण मानले गेले ते कमरेपाशीच. भुकेचा आणि तंगीचा हिशेब मात्र भाषेने कमरेवर न ठेवता थेट पोटावर आणि हातावर ठेवला. हात आखडता घ्यायचा, पोटाला चिमटा घ्यायचा, आणि अगदीच ओढ असली की हातातोंडाची गाठ कशीबशी पडते म्हणायचे.

यांतले 'हात आखडता घेणे' हे इंग्रजी वाक्प्रचाराच्या सर्वांत जवळचे आहे आणि मुलांना मी तेच उत्तर दिले. तरीही 'पोटाला चिमटा घेणे' यात जे आहे ते मला दुसऱ्या कशात सापडत नाही. हात आखडणारा माणूस स्वतःसाठी आखडत असेल, दुसऱ्याला देताना आखडत असेल, कंजूषही असेल. पोटाला चिमटा घेणारा माणूस बहुतेक वेळा दुसऱ्या कोणासाठी तो घेतो. आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन शिकवले, असे आपण म्हणतो. स्वतःला नवा मोबाइल घ्यायचा म्हणून कोणी पोटाला चिमटा घेतला, असे मी तरी कधी ऐकलेले नाही. आणि चिमटा दिसत नाही, तो सदऱ्याच्या आत घेतलेला असतो.

माझे बाबा एका खाण कंपनीत वजनकाट्यावर कारकून होते. खनिजाने भरलेला टिप्पर काट्यावर चढला की त्याचे वजन वहीत आणि पुढे संगणकावर नोंदवायचे, चिठ्ठी फाडून चालकाच्या हातात द्यायची, की तो टिप्पर नदीकाठच्या धक्क्याकडे रवाना, आणि तिथून बार्जमधून माल मांडवीतून मुरगावच्या दिशेने. बाबांच्या सदऱ्याच्या कॉलरीला कायम तांबूस कड असे. आईने कितीही घासली तरी ती जात नसे. आमच्या भागाला सगळे खाणपट्टा म्हणतात. लहानपणी 'पट्टा' म्हटले की मला कमरेचा आठवत नसे. डिचोली, पाळी, वेळगे, होंडा असा तांबड्या धुळीचा प्रदेश आठवे, ज्यात आम्ही सगळे राहत होतो.

२०१२ च्या सप्टेंबरात राज्य सरकारने खाणकाम थांबवले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या सगळ्या खाणी बंद ठेवण्याचा आदेश दिला. बंदीमागची कारणे खरी होती, हे मी इथे स्पष्ट लिहिते. बेकायदा उत्खनन झाले होते, शेतांत गाळ येऊन भात पिकेनासे झाले होते, काही वाड्यांवरच्या विहिरी आटल्या होत्या, आणि हे आम्हाला न्यायालयाने सांगावे लागत नव्हते. तरीही काटा थांबला म्हणजे आमच्या घरातला महिना थांबला, हेही तितकेच खरे होते. टिप्परवाल्यांची अवस्था आमच्याहून वाईट होती. त्यांच्या दारात उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीवर कर्ज होते, हप्ते चालू होते आणि चाक फिरत नव्हते.

काही महिन्यांनी कंपनीचे इंग्रजी परिपत्रक आले. बाबा ते दुमडून खिशात घालून घरी घेऊन आले. त्यांना इंग्रजी वाचता येई, आकडे आणि कामाचे शब्द तर चांगलेच समजत, पण शेवटचे वाक्य त्यांना लागले नव्हते. मी तेव्हा नुकतीच बीएड करून शाळेत लागले होते. जेवणे झाल्यावर त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला.

"बाय, हे जरा नीट वाचून सांग. पुढच्या महिन्यापासून अर्धा पगार, एवढे मला कळले. ही शेवटची ओळ काय म्हणते?"

ओळ अशी होती की, या कठीण काळात सर्वांनी मिळून पट्टे घट्ट करायला हवेत. कर्ता होता तो इंग्रजीतला 'वी'. मी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "या कठीण काळात आपण सर्वांनी पोटाला चिमटा घ्यायला हवा, असे लिहिले आहे."

"इंग्रजीत पोट आहे?"

"नाही, पट्टा आहे. कमरेचा. अर्थ तोच."

"आणि 'आपण' आहे, की 'आम्ही'?"

"बाबा, इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द आहे."

त्यांनी कागद उचलला, होता तसा दुमडला आणि म्हणाले, "मग तू 'आपण' कशावरून लावलेस?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. त्यांच्या आवाजात राग नव्हता. काट्यावर वजनात दहा किलोंचा फरक पडला तर ज्या आवाजात ते चालकाला विचारत असतील, त्याच आवाजात त्यांनी मला विचारले होते. पुढची कित्येक वर्षे मी व्याकरण शिकवताना त्या प्रश्नापाशी येऊन थांबत राहिले आहे.

मराठीत 'आम्ही' म्हटले की समोरचा माणूस त्यातून वगळला जातो, आणि 'आपण' म्हटले की तो आत येतो. "आम्ही उद्या म्हापशाला जाणार" आणि "आपण उद्या म्हापशाला जाणार" यांतला फरक घरातल्या तीन वर्षांच्या पोरालाही कळतो. पहिल्या वाक्यावर ते रडायला लागते. इंग्रजीला हा भेद नाही. त्यामुळे तिथे 'वी' म्हणणारा माणूस स्वतः कोणत्या बाजूला उभा आहे, हे शब्दावरून कळत नाही. ते त्याच्या वागण्यावरूनच ओळखावे लागते. मराठीत भाषांतर करणाऱ्याला मात्र निवड करावीच लागते, आणि मी त्या रात्री विचार न करता 'आपण' निवडला होता, कारण तो कानाला मवाळ लागतो. शिवाय 'आपण'ला आणखी एक अर्थ आहे, जो मला फार उशिरा सुचला. आदराने समोरच्यालाच आपण 'आपण' म्हणतो: आपण बसावे, आपण जेवून जावे. कचेऱ्यांतल्या पत्रांत तर हाच अर्थ चालतो. तेव्हा "आपण पट्टा घट्ट करावा" या वाक्याचा तिसरा अर्थ होतो, "तुम्ही तुमचा पट्टा घट्ट करावा." परिपत्रकाचे खरे भाषांतर तेच होते. साहेबांच्या गाड्या, त्यांचे बंगले आणि त्यांचे विमानप्रवास त्या वर्षी कमी झाले असतील तर ते आमच्यापर्यंत आले नाही. काट्यावरच्या, कॅन्टीनमधल्या आणि गॅरेजातल्या माणसांचे अर्धे पगार मात्र ठरल्या तारखेला अर्धेच आले.

घरात हात आखडायला सुरुवात झाली ती गाजावाजा न होता. दोन वर्तमानपत्रांपैकी एक बंद झाले. आईने भिशी सोडली. धाकट्या भावाचा संगणकाचा वर्ग पुढच्या वर्षावर गेला. इसवण आणि पापलेट घरात येईनासे झाले, स्वस्तातले तारले मासे येत राहिले, आणि ज्या दिवशी तारलेही महाग असे त्या दिवशी सुक्या बांगड्याचा तुकडा निखाऱ्यावर भाजून खोबऱ्याबरोबर त्याची किसमूर होई. मी माझ्या पहिल्यावहिल्या पगारातून घरात देत होते आणि ते घेताना बाबा दर वेळी वहीत लिहून ठेवत. मला ते आवडत नसे. पण त्यांचे सगळे आयुष्य नोंदी ठेवण्यात गेले होते, तेव्हा मी काही बोलले नाही.

खाणीवर देखभालीचे काम थोडेफार चालू होते, म्हणून बाबा अर्ध्या पगारावर रोज जात राहिले. फाट्यापासून खाणीच्या फाटकापर्यंत कंपनीची गाडी असे, ती बंद झाली होती. ते अंतर ते चालत जाऊ लागले. कॅन्टीनही बंद झाले होते. घरून डब्यात ते उकड्या तांदळाची पेज आणि खारातला आंबा नेत. आई भाजी देऊ लागली की म्हणत, संध्याकाळी सगळ्यांबरोबर खाईन. आम्हाला ते खरे वाटे. रोज पाहणाऱ्या माणसाला वाळणे दिसत नाही.

मला ते दिसले एका रविवारी सकाळी, आणि तेही त्यांच्याकडे पाहून नव्हे. स्वयंपाकघरातून चामडे जळल्याचा वास आला म्हणून मी आत गेले. बाबा जमिनीवर बसले होते. गॅसच्या छोट्या ज्योतीवर त्यांनी एक खिळा पकडीत धरून लाल केला होता. समोर पाट ठेवला होता, पाटावर त्यांचा तपकिरी पट्टा सरळ पसरला होता. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेला, पितळी बक्कलाचा. कारखान्याची पाच भोके त्यात होती, एका ओळीत, सारख्या अंतरावर, कड गुळगुळीत. पाचव्या भोकापासून पुढे त्यांनी पेन्सिलीने खूण केली होती आणि ती बोटाच्या पेराने मोजून घेतली होती, कारण माप चुकलेले त्यांना खपत नसे. खिळा टेकला तसा थोडा धूर आला, चामडे आक्रसले आणि आरपार गेले. खाली पाटाला काळा ठिपका पडला. तो पाट अजून घरात आहे आणि ठिपकाही. भोक पाडून झाल्यावर त्यांनी कड काड्यापेटीच्या काडीने साफ केली, पट्टा कमरेला लावून पाहिला, बक्कलाची जीभ सहाव्या भोकात नीट बसली तेव्हा मान हलवली, आणि मला विचारले, "चहा टाकतेस?"

तोपर्यंत पट्टा घट्ट करणे हा माझ्यासाठी कोशातला एक वाक्प्रचार होता. तो कोणी जन्माला घातला असेल तर अशाच एखाद्या स्वयंपाकघरात, हे मला त्या दिवशी कळले.

आमच्या शेजारी पोर्तुगीज काळात शिकलेले एक गुरुजी राहत. त्यांना हा सगळा प्रकार मी सांगितला तेव्हा ते म्हणाले, पोर्तुगीजमध्येही अगदी हेच शब्द आहेत: 'आपर्तार उ सिंतु', म्हणजे पट्टा आवळणे. त्यांनी ते शाळेत असतानाच ऐकले होते. सालाझार १९२८ मध्ये पोर्तुगालचा अर्थमंत्री झाला तो काटकसरीच्या नावावर, आणि वर्षभरात त्याने अंदाजपत्रकातली तूट भरून काढली. पुढे १९३२ पासून १९६८ पर्यंत तोच पंतप्रधान होता आणि १९६१ पर्यंत गोव्याचा कारभारही त्याच्याच मुठीत होता. गुरुजी सांगत की त्या काळी जमाखर्च जुळल्याचे कौतुक फार ऐकायला मिळे, पण कोणाच्या ताटातले काढून तो जुळवला हे विचारायची सोय नव्हती, कारण विचारणारा तुरुंगात जाई. १९५५ मध्ये भारताने गोव्याची आर्थिक कोंडी केली तेव्हाचीही त्यांची आठवण पक्की होती. बेळगावची भाजी, घाटावरचा कांदा येणे थांबले. त्याऐवजी बोटीने हॉलंडचे बटाटे आले, जपानचे सिमेंट आले. खाणींचा पैसा वाढत होता, त्यामुळे पणजी-मडगावच्या दुकानांत परदेशी माल मुबलक दिसे, आणि सत्तरी-पेडण्याच्या कडेच्या गावांत मात्र नाचणीच्या भाकरीबरोबर काय खावे हा प्रश्न असे. एकाच गोव्यात, एकाच वर्षी, एका घराचा पट्टा सैल होत होता आणि दुसऱ्याचा आवळला जात होता. सगळ्यांनी पट्टा घट्ट करावा, असे कोणी म्हणाले की म्हातारपणीही गुरुजी पहिला प्रश्न हाच विचारत की, सगळे म्हणजे कोण कोण?

पोर्तुगालवर ही वेळ अलीकडे पुन्हा आली. २०११ मध्ये त्या देशाने ७८ अब्ज युरोंचे कर्ज उचलले, पगार आणि निवृत्तिवेतने कापली गेली, आणि लिस्बनला असलेल्या नातेवाइकांच्या फोनवर तेच जुने शब्द ऐकू येत असल्याचे गुरुजींनीच मला सांगितले.

या वाक्यातला 'आपण' खरा ठरल्याचे उदाहरणही आहे आणि ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १९६५ मध्ये देशात धान्याचा तुटवडा होता आणि युद्धही होते. लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. गोवा मुक्त होऊन तेव्हा चारच वर्षे झाली होती. माझी आजी दर सोमवारी रात्री जेवत नसे. देवासाठी धरलेला सोमवार तिचा आधीपासूनच होता, पण त्या वर्षापासून तिने त्यात शास्त्रींचाही सोमवार मिसळला आणि मरेपर्यंत सोडला नाही. आवाहन करण्याआधी शास्त्रींनी स्वतःच्या घरी एक वेळ चूल बंद ठेवून पाहिली होती, असे सांगतात. आजीला तेवढे पुरेसे होते. तो माणूस अंगाने किती लहानखुरा होता हे तिने छायाचित्रांत पाहिले होते, आणि त्याच्याकडे आवळायला फारसे काही नसतानाही त्याने आधी स्वतःचे आवळले, यावर तिचा विश्वास होता. आजीच्या मराठीत तो 'आपण' होता, समोरच्याला आणि स्वतःला एकाच पंगतीत बसवणारा.

इथे मला आमच्या पुरुमेताविषयी लिहायला हवे, कारण तंगीला तोंड देण्याची गोव्याची स्वतःची जी रीत आहे तिच्यात पट्ट्याला हातच लावावा लागत नाही. पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु' या शब्दाचे इथल्या तोंडी झालेले रूप म्हणजे पुरुमेत. घाटावर ज्याला पावसाळ्याची बेगमी म्हणतात तेच. मे महिन्याच्या उन्हात घराघरांतून मिरच्या, सोले आणि कोकमे वाळत पडतात, फणसाचे पापड आणि साटे होतात, कैऱ्या मिठाच्या पाण्यात चिनीमातीच्या बरणीत जातात, सुंगटे आणि बांगडे खारवून सुकवले जातात, उकड्या तांदळाची पोती आणि जाडे मीठ भरले जाते, चिंच गोळे करून ठेवली जाते. मे अखेरीस म्हापशाचा शुक्रवार पाहावा. पाय ठेवायला जागा नसते. जूनच्या पहिल्या तारखेपासून जुलैअखेरपर्यंत ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, पूर्वी तर नद्या फुगल्या की गावेच्या गावे तुटत. हा अभाव दर वर्षी येणार हे ठाऊक असते, म्हणून घरातली बाई उन्हाळ्यातच त्याची सोय करून ठेवते. त्या बरण्यांनीच २०१२ आणि २०१३ ची वर्षे आमच्या घराला तारले. बाबांच्या डब्यातला तो आंबा आईने त्याआधीच्या मे महिन्यात, काटा जोरात चालू असताना, भरून ठेवलेला होता. खाण बंद पडेल हे तिच्या मनातही नव्हते. पण बरणी रिकामी ठेवायची नाही, एवढे तिला तिच्या आईने सांगितले होते.

महिन्याच्या हप्त्यावर जगणाऱ्यांना मात्र पुरुमेत कसे करावे हे कोणी शिकवले नव्हते. पैसा येत होता तेव्हा आमच्या पट्ट्यात दुसरा टिप्पर, तिसरा टिप्पर असेच चालले होते, आणि कर्ज देणारेही दारात येऊन देत होते. अशा एका कर्ज देणाऱ्या संस्थेच्या अधिकाऱ्याने बंदीनंतर गावच्या सभागृहात टिप्परवाल्यांची बैठक घेतली होती आणि तोही इंग्रजीतच म्हणाला होता की, पट्टे घट्ट करा. मी कोणाबरोबर तरी तिथे गेले होते. पुढच्या रांगेतल्या एका माणसाने शेजारच्याला अर्थ विचारला. त्याने सांगितले, "कंबर कसा म्हणतो." विचारणारा म्हणाला, "कसलेलीच आहे, पण काम कुठे आहे?" माझ्या वर्गातल्या मुलांनी अनेक वर्षांनी केलेली चूक मी तिथे पहिल्यांदा ऐकली होती. आज वाटते, त्या माणसाच्या बाजूने पाहिले तर ती चूक नव्हती. त्याला काम हवे होते. खर्च कमी करायला त्याच्याकडे आता काही उरलेच नव्हते.

२०१४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून बंदी उठवली, काम पुन्हा हळूहळू सुरू झाले, आणि ७ फेब्रुवारी २०१८ रोजी खाणींच्या ८८ भाडेपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द होऊन मार्चच्या मध्यापासून ते पुन्हा थांबले. तोवर बाबांची निवृत्ती जवळ आली होती. दुसऱ्या बंदीविषयी ते घरात फारसे बोलले नाहीत. सातवे भोक त्यांनी केव्हा पाडले ते मला माहीत नाही. मी ते नंतर पाहिले. ते सहाव्याइतके गोल नाही, जरा तिरके गेले आहे. हात थरथरायला लागला होता बहुतेक.

यंदा तो धडा पुन्हा आला तेव्हा मी ठरवले की मुलांना आधी चित्र दाखवायचे आणि मग अर्थ सांगायचा. बाबांकडे पट्टा मागितला. ते आता घरी लुंगी नेसतात, पट्टा दाराआड खिळ्याला टांगलेला असतो. कशाला हवा, असे त्यांनी विचारले आणि मी खरे ते सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी पट्टा काढला, खोबरेल तेलाचे बोट लावलेल्या फडक्याने पुसला, जुन्या कॅलेंडरच्या कागदात गुंडाळला आणि माझ्या हातात देत म्हणाले, "भोके मोजू दे त्यांना. पण कोणाच्या कमरेला लावून दाखवू नकोस."

मी तो कोणाच्या कमरेला लावला नाही. पट्टा बाकावरून बाकावर फिरला. मुले भोकांवरून बोट फिरवत होती, पहिली पाच आणि नंतरची दोन यांतला फरक त्यांना न सांगता कळला. फळ्यावर मी इंग्रजी वाक्य लिहिले आणि कर्त्याची जागा मोकळी सोडली. तिथे कोण येते ते आधी ठरवा आणि मग मराठीत 'मी', 'आम्ही', 'आपण' की 'तुम्ही' ते लिहा, असे सांगितले. मागच्या बाकावरच्या एका मुलीने, तिच्या घरीही टिप्पर होता, पट्टा खिडकीच्या उजेडात धरला आणि विचारले, "बाई, चामड्याला सगळ्यांत जास्त घडी पडलीय ती सहाव्या भोकापाशी. मग ते मागे कधी आलेच नाहीत?"

मी तिच्या हातातून पट्टा घेऊन पाहिला. तिसऱ्या भोकापाशी एक जुनी, पुसट घडी होती. सहाव्यापाशीची खोल होती आणि तिथे चामडे दुमडून दुमडून पांढरे पडले होते.

"नाही," मी म्हणाले.